दारावरची दुसरी खूण

झाडांच्या ढोल्या विकल्या जात, त्या काळची गोष्ट. जितके मालक, तितक्या नखांच्या खुणा दारावर. विकताना प्रत्येकाने आपली खूण स्वतः खरवडायची, असा रिवाज होता.

पोटुशी खार मंजुळा जांभळीवरची ढोली घ्यायला आली. विकणाऱ्या राघूने आपली खूण खरवडली. दुसरी तशीच राहिली.

“ही कुणाची, विचार की!” शेजारची साळुंकी म्हणाली.

“राघू माझ्या माहेरच्या झाडावरचा, भाऊच तो. त्याची झडती घेऊ?” मंजुळा फणकारली आणि वर्षाचे दाणे ओतून मोकळी झाली.

पिल्लं झाली, तोच घोरपड आली. “निम्मी ढोली माझी. मी कुठे विकलीय?” म्हणत आत शिरली. मंजुळाने एक पिल्लू तोंडात धरून खाली नेलं. दुसऱ्यासाठी परतली, तेव्हा घोरपड तोंड चाटत होती.

पलीकडच्या आंब्यावर राघू दुसऱ्या खारीला म्हणत होता, “ताई, भावावर भरवसा नाही का?”