जुनी टोपली

माणसांनी बाजार मांडायच्याही आधीची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीवर एक सुगरण टोपल्या विणायची. उंदीर दरवर्षी तिच्याकडून नवी टोपली घ्यायचा आणि बदल्यात दाणे द्यायचा. त्यातलेच मूठभर दाणे ती खारीला द्यायची, कारण विणायला लागणारी शिंदीची पाती खार आणायची. तिघांचं बरं चाललं होतं.

एका उन्हाळ्यात टिटवीने ओढ्याच्या पात्रातच अंडी घातली. म्हणजे यंदा पाऊस नाही, असं सगळे धरून चालले.

उंदीर म्हणाला, "वहिनी, यंदा जुनीच टोपली डागडुजी करून वापरतो. दाणे जपायला हवेत."

"तुम्ही जपाल हो भावजी, पण मी खाऊ काय?"

"एवढं वर्ष कळ काढा."

आता उंदराचं चुकलं, असं कोण म्हणेल? पोराबाळांचा धनी दुसरं काय करणार? सुगरणीने मग खारीला पाती नकोत म्हणून कळवलं. खार पिलांना घेऊन दुसऱ्या रानात गेली. सुगरण उपाशीपोटी घरट्यात बसून राहिली.

पाऊस आला, चांगला धो धो आला. जुन्या टोपलीचं बूड सुटलं आणि साठवलेले दाणे भिजून कुजू लागले. सुके उरलेले दाणे घेऊन उंदीर बाभळीखाली धावत आला.

"वहिनी, टोपली द्या. मागाल तेवढे दाणे देतो."

शेजारच्या फांदीवरून कावळा म्हणाला, "परवाच उपाशी गेली रे ती. पाऊस येताना बघितला तिने."

उंदीर हातातल्या दाण्यांकडे बघत राहिला. सुगरणीला उन्हाळा काढायला तेवढे पुरले असते.