सगळे दिवे हिरवे

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव धुळोबा. स्वभावाने गरीब आणि डोक्याने त्याहून गरीब. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा, आणि इंदूमावशीची सारी पंचाईत तिथेच होती.

मावशीचं घर तिच्या गावरान कोंबड्यांवर चालायचं. शेजारच्या तालुक्यात बर्ड फ्लू आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एक जरी कोंबडी रोगी निघाली, तरी सरकारी माणसं सगळ्याच मारून पुरणार.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एक यंत्र घेऊन आल्या. रक्तातली साखर तपासायचं असतं तेवढंच.

"कोंबडीच्या घशातला थेंब या पट्टीवर घ्यायचा. पट्टीत बारीकशी वीज खेळते. विषाणू असला तर ती वीज बदलते, लाल दिवा लागतो. नसला तर हिरवा. एका कोंबडीला एक पट्टी, विसरू नका."

"आणि तोवर एखादी खाल्ली तर, बाई?" मावशीने विचारलं.

"नीट शिजवा. शिजवलं की विषाणू मरतो."

धुळोबाने सगळं मनात पक्कं केलं.

दुपारी मावशी पाहते, तर प्रत्येक कोंबडीच्या पायात दोऱ्याने पट्टी बांधलेली.

"हे रं काय?"

"एका कोंबडीला एक पट्टी. एकबी सुटली न्हाई."

"अरं मुडद्या, पट्टी यंत्राला लावायची. कोंबडीला काय लावायचं नसतं."

"असं व्हय. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी दोन कोंबडे झुंजले आणि एकाचा तुरा फाटला. मावशी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "जरा हळद लाव रं." धुळोबाने यंत्राला हळद फासली. यंत्र लग्नाला उभं केल्यासारखं दिसू लागलं.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. यंत्र पुसता पुसता म्हणाली, "यंत्राला फकस्त घशातला थेंब लागतो. ज्याचा घसा घरघरतोय, त्याचा आधी घ्यायचा."

"असं व्हय. आता कळलं."

जेवून मावशीचे यजमान, धुळोबाचे काका, बाजेवर आडवे झाले आणि घोरू लागले. धुळोबाने त्यांच्या घशात कापसाची काडी घातली. काका ठसकत उठले, शिव्या देत अंगणात गेले.

"हिरवा दिवा," धुळोबा म्हणाला. "काकाला काय झालेलं न्हाई."

"पिसं असतील त्याला तपास, बाबा. पिसं बघून तपास."

"असं व्हय. आता कळलं."

बाजाराच्या दिवशी मावशी अंडी घेऊन निघाली. उंबऱ्यात थांबून तिने हात जोडले. "देवा, लाल दिवा तेवढा लागू देऊ नको."

हे ती देवाला म्हणाली. "बरं," धुळोबा म्हणाला.

मग तो विचारात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने पडला. विचार संपल्यावर त्याने शेजाऱ्यांकडून लग्नातलं मोठं पातेलं मागून आणलं.

संध्याकाळी मावशी आणि डॉक्टरीणबाई बरोबरच आल्या. ओट्यावर पट्ट्यांची रास पडली होती.

"सगळ्या तपासल्या?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या. सगळे दिवे हिरवे. एकदाबी लाल लागला न्हाई."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने भाच्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "शहाणा झाला गं माझा धुळोबा. कुठायत माझ्या बाया?"

"पातेल्यात. आधी शिजवल्या, मग तपासल्या. पिसं तेवढी तशीच ठेवलीत, तू बजावलं व्हतंस म्हणून."

मावशीने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हंबरडा फोडला. धुळोबाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगं, मावशी. आता सरकारला एकबी मारता यायची न्हाई."