पेनूची कोर आणि रुसलेलं टपटप

खूप खूप जुन्या इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या काठी, पेनू नावाचा चिमुकला उंदीर राहायचा.

तेव्हा भिंतीवर घड्याळं नव्हती. अंगणात होतं एक मोठं भांडं. त्याला खाली सुईएवढं भोक. त्यातून पाणी गळायचं, टप टप टप! पाणी उतरून भांड्यातल्या खुणेला आलं, की ढोल. ढोल वाजला, की सगळ्यांना भाकर. पेनूलाही एक कोर.

एके सकाळी पेनूने भांड्याच्या काठावर बसून अंजीर खाल्लं, मटामट मटामट! मग झोपला.

उठला, तर पोटात कावळे! आणि कोर? कोर नाहीच!

तुरुतुरु तुरुतुरु, पेनू गेला मेरितमावशीकडे. ती भाकरी भाजत होती.
"मावशी मावशी, कोर दे! पेनूचं पोट गप्प बसेना!"
"ढोल वाजल्याशिवाय? मुळीच नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, पेनू गेला ढोलवाल्या हापूकाकांकडे.
"काका काका, ढोल वाजवा! मावशी कोर देईना, पेनूचं पोट गप्प बसेना!"
"भूक तर मलाही लागलीय रे. पण भांडं गळल्याशिवाय? मुळीच नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, पेनू गेला भांड्याकडे.
"भांड्या भांड्या, गळ की! ढोल वाजेना, मावशी कोर देईना, पेनूचं पोट गप्प बसेना!"
"माझ्या भोकात अंजिराचं बी अडकलंय. ते निघाल्याशिवाय? मुळीच नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु, पेनू गेला मुंगीकडे.
"मुंगीताई मुंगीताई, बी ओढ! भांडं गळेना, ढोल वाजेना, मावशी कोर देईना, पेनूचं पोट गप्प बसेना!"
"अंगणात पाय भाजतात बाई! सावली आल्याशिवाय? मुळीच नाही!"

सावली खांबाच्या पायाशी मुटकुळं करून झोपली होती.
"सावलीबाई सावलीबाई, अंगणात ये! मुंगी ओढेना, भांडं गळेना, ढोल वाजेना, मावशी कोर देईना, पेनूचं पोट गप्प बसेना!"
"सूर्य सरकल्याशिवाय? मुळीच नाही!"

पेनूने मान वर केली. डोळ्यांत आलं पाणी.
"सूर्यदादा सूर्यदादा, सरक ना! सावली हलेना, मुंगी ओढेना, भांडं गळेना, ढोल वाजेना, मावशी कोर देईना, पेनूचं पोट गप्प बसेना!"

सूर्य हसला, हो हो हो!
"अरे वेड्या, मी थांबतो का कुणासाठी? मी केव्हाचा सरकतोय. मागे बघ!"

पेनूने मागे बघितलं. अय्या! सावली आली सुळसुळ. मुंगीने बी ओढलं, हय्या हो! भांडं गळलं, टप टप टप! पाणी आलं खुणेला. ढोल वाजला, ढम ढम ढम! मावशीने दिली कोर, गरमागरम! पेनूने खाल्ली, मटामट मटामट! आणि पोट? एकदम गप्प!

हापूकाका म्हणाले, "पण भांड्यात बी टाकलं कुणी?"

तुरुतुरु तुरुतुरु, पेनू बिळात! आतून आवाज आला, "मी नाही! मी नाही!"

मावशी खुदकन हसली. "उद्यापासून अंजीर घरात बसून खा हो, राजा!"