उंबरघाटची मुकी घंटा

एका राज्यात, जिथे नदीलासुद्धा वळायचे असले तर ती आधी राणीची परवानगी घेई, ओताऱ्यांची एक मोठी श्रेणी नांदत होती. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून चालवलेली पेढी. हे ओतारी घंटा करीत. त्या राज्यात घंटेवाचून कुणाचे पान हलत नसे. गुरांच्या गळ्यात, वेशीवर, नावेच्या टोकाला त्यांचीच घंटा असे. भद्रसेन हा श्रेणीचा श्रेष्ठी आणि कुमुदा ही त्याची एकुलती मुलगी. साचे घडवण्याचे काम तिच्याकडे होते.

वितळलेले कासे ऐकते, हे त्या राज्यात सर्वांना ठाऊक होते. भट्टीपाशी जे बोलावे ते त्यात मुरते, आणि मग घंटा जन्मभर तेच सांगत राहते. म्हणून ओतण्याच्या वेळी ओतारी एकदाच ‘शुभ’ म्हणत आणि गप्प राहत.

उंबरघाट नावाच्या गावाला जत्रेसाठी घंटा हवी होती. मुशीत कासे उकळू लागले, तेव्हा कुमुदेने साच्याला तळवा लावला आणि बापाला बाजूला बोलावले.

“बाबा, साचा ओला आहे. थांबावे लागेल.”

“जत्रा तोंडावर आली. थांबायचे कसे?”

“घंटेच्या पोटात पोकळ्या राहतील.”

भोवतीचे ओतारी कान देऊन ऐकत होते. भद्रसेनाला राग आला. तो भट्टीपुढे उभा राहून गरजला, “तोंडे मिटा! या साच्याविषयी कुणी एक अक्षर काढायचे नाही.”

मुशीतल्या काशाने ते ऐकले.

घंटा तयार झाली. बाहेरून ती देखणी दिसत होती. कुमुदेने गाडीबरोबर जाऊन ती उंबरघाटच्या वेशीत टांगली. जत्रेच्या सकाळी पाटलांनी पहिला टोल दिला. टोल उमटला नाही, आणि त्याच क्षणी गावातला सगळा आवाज संपला. ढोल वाजेना, कुत्रे भुंकेना, आईने हाक मारली तर ओठ हलत पण हाक निघेना. गावाची शीव ओलांडली की वाचा परत येई, आत पाऊल टाकले की जाई. पण घरदार आणि उभे पीक सोडून माणसे जाणार कुठे?

ही वार्ता रत्नू नावाड्याने राजधानीत आणली. तो भद्रसेनाला म्हणाला, “श्रेष्ठी, तुमच्या लेकीचा निरोप आहे. जमिनीवर काडीने लिहून दाखवला तिने. घंटा माझ्या हाताने टांगली, गाव बोलू लागेपर्यंत मी परतणार नाही, म्हणते.”

मग राणी हेमावतीने भद्रसेनाला दरबारात बोलावले. “अमावस्येपर्यंत उंबरघाटला आवाज मिळाला नाही, तर तुमच्या सगळ्या भट्ट्या विझवीन.”

श्रेणी घाबरली. ओताऱ्यांनी मायाधर नावाच्या मांत्रिकाला बोलावले. अडचणीत आलेल्या पेढ्यांचे नाव राखून देणे, हाच त्याचा धंदा होता.

“गाव मुके झाले असे म्हणू नका,” मायाधर म्हणाला. “गाव शांत झाले असे म्हणा.”

दवंडी पिटली गेली. ‘ओताऱ्यांच्या घंटेने उंबरघाटला शांती लाभली!’ त्या दिवशी नदीकाठचे पुढचे गाव मुके झाले.

दुसरी दवंडी पिटली गेली. ‘उंबरघाटचे लोक मुळातच अबोल!’ आणखी एक गाव मुके झाले.

“आता लोकांना दुसरे काहीतरी दाखवू,” मायाधर म्हणाला. त्याने आकाशात सात रंगांचा हत्ती उभा केला. नगराच्या वेशीबाहेर माणसांची झुंबड उडाली. सगळ्यांनी माना वर करून टाळ्या वाजवल्या, आणि एकाही टाळीचा आवाज झाला नाही. शांतता वेशीपर्यंत आली होती.

मायाधराने आपली झोळी उचलली आणि तो दुसऱ्या राज्यात निघून गेला.

नगरामागच्या डोंगरात एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशीण राहत होती. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालते तेव्हा ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून तिला उंबरे भरवतो. ही धनेशीण मनुष्यवाणीने बोले. ज्या पेढीवर लोकांचा रोष होई, ती पेढी शेवटी तिच्या फटीशी येई.

भद्रसेन तिथे गेला. नर फांदीवर बसला होता. “आले का ओतारी!” तो म्हणाला. “हत्ती आम्हीही पाहिला. सोंड जरा आखूड होती.”

“आत तुझी बायको कोंडलेली आहे आणि तू चेष्टा करतोस?” फटीतून आवाज आला. “श्रेष्ठी, काय हवे?”

“श्रेणीची अब्रू वाचव.”

“ते मला येत नाही. गावाचा आवाज परत आणायचा असेल तर तीन कामे सांगते. पहिले, उंबरघाटला जा आणि सूर्य मावळेपर्यंत राहा. समजावू नकोस, फक्त पाहा.”

“तिथे तर मला बोलताच येणार नाही.”

“म्हणूनच जायचे,” धनेशीण म्हणाली.

भद्रसेन गेला. त्याने पाहिले, की एक आंधळी म्हातारी ओट्याला धरून बसली आहे. पूर्वी ती रहाटाच्या कुरकुरीवरून विहीर ओळखायची, आता तिला अंगणाबाहेर पडता येत नव्हते. रडणारे बाळ आईला पाठमोरी असताना कळत नव्हते, म्हणून तिने त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरे टोक आपल्या मनगटाला बांधले होते. गुराखी हरवलेल्या वासरासाठी तोंड उघडून धावत होता. कुमुदा वेशीत घंटेखाली बसली होती. तिने बापाकडे पाहिले आणि मान फिरवली. हे त्याला सर्वांत जड गेले.

तो परतला तेव्हा धनेशिणीने विचारले, “काय पाहिलेस?”

त्याने म्हातारी सांगितली, दोरी सांगितली, वासरू सांगितले. श्रेणीचे नाव त्याच्या तोंडी एकदाही आले नाही.

“ठीक. आता दुसरे काम. जे खोटे पसरवलेस ते स्वतःच्या हाताने उतरव.”

नगराच्या दोन चौकांतल्या वडांवर त्या दोन दवंड्या काळी लक्तरे होऊन वटवाघळांसारख्या उलट्या लटकत होत्या. भद्रसेन शिडी लावून पहिल्या वडावर चढला. खाली गर्दी जमली.

“श्रेष्ठी, कुठे निघालात? घंटा झाडाला लागतात का आता?” एक भाजीवाली ओरडली.

“शांती लाभली ना तुम्हाला? मग वर कशाला चढता?” दुसरा म्हणाला.

भद्रसेनाने ते काळे लक्तर ओढून काढले आणि वरूनच सांगितले, “हे खोटे होते. आम्हीच पसरवले. उंबरघाट मुके झाले आहे.” लक्तराची राख झाली. दुसऱ्या चौकात त्याने तेच केले. तिथे कुणी हसले नाही. एका माणसाने तर शिडी धरली.

उरला हत्ती. भद्रसेनाने वर पाहून हाक मारली, “बाबा रे, खाली ये. तुझे काम संपले.”

“देव तुझे भले करो,” हत्ती म्हणाला. “उभा राहून राहून पाय दुखले माझे.” आणि तो ढगासारखा विरून गेला. नगराच्या वेशीवर पुन्हा पावलांचा आवाज होऊ लागला. मधल्या दोन गावांनाही वाचा आली. फक्त उंबरघाट मुकेच राहिले. अमावस्या जवळ आली होती.

“तिसरे काम,” धनेशीण म्हणाली. “गावासमोर घंटा वितळव. कासे पातळ झाले की ते पुन्हा ऐकेल. त्याला खरे सांग.”

श्रेणीच्या कवीने एक निवेदन तयार करून ठेवले होते. भद्रसेनाने ते वाचून दाखवले. “काही अनपेक्षित कारणांमुळे उंबरघाटच्या रहिवाशांची गैरसोय झाली असल्यास श्रेणीला खेद वाटतो.”

“झाली असल्यास?” नर म्हणाला. “म्हातारी काय तिथे गंमत म्हणून बसली आहे?”

“साचा ओला असल्याचे कारण अनपेक्षित होते?” धनेशिणीने विचारले.

भद्रसेनाने मान खाली घातली. “नाही. मला माहीत होते.”

“मग ते सांग. आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको.”

उंबरघाटच्या वेशीत भट्टी पेटली. घंटा पुन्हा ओतता यावी म्हणून ओताऱ्यांनी घाईने नवा साचाही घडवला. सारा गाव भोवती उभा राहिला. राणी घोड्यावरून आली. घंटा मुशीत बसली, लाल झाली, वितळली. भद्रसेन पुढे झाला आणि बोलू लागला. कुणाला काही ऐकू आले नाही, पण ओठ सर्वांना दिसत होते.

“साचा ओला होता. कुमुदेने मला सांगितले होते. घंटा जत्रेला पोहोचावी म्हणून मी तिला गप्प केले. ही चूक माझी आहे. गावाचे जे नुकसान झाले ते श्रेणी भरून देईल.”

कासे उकळत राहिले. गाव मुकेच राहिले. राणीने आकाशाकडे पाहिले. सूर्य कलला होता आणि ती अमावस्याच होती.

भद्रसेनाला कळेना. खरे तर सगळे सांगून झाले. मग त्याला आठवले, की काशाने ऐकले होते ते खोटे नव्हतेच. तो हुकूम होता, आणि दिलेला हुकूम त्याने अजून परत घेतला नव्हता.

तो कुमुदेकडे वळला. भट्टीपुढे तिच्यासमोर हात जोडून तो म्हणाला, “तुला गप्प बसवले ते मी मागे घेतो. बोल बाई. जे बोलायचे असेल ते बोल. मी ऐकतो आहे.”

मुशीतून एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला. तो फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग कुमुदेने नव्या साच्याला तळवा लावला आणि ती म्हणाली, “बाबा, हाही ओलाच आहे.”

गावाने ते स्पष्ट ऐकले. भद्रसेन मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“मग थांबू,” तो म्हणाला.

“राणीसाहेब थांबतील?”

“मला आवाज हवा होता, तो मिळाला,” राणी घोड्यावरून उतरत म्हणाली. “घंटा साचा वाळल्यावर द्या.”

एकदम सगळीकडे आवाज झाला. कुत्री भुंकली, दोरी बांधलेले बाळ किंचाळले आणि त्याची आई आनंदाने त्याच्याहून मोठ्याने रडू लागली. रहाट कुरकुरला, तशी म्हातारी ओटा सोडून उठली आणि एकटीच विहिरीकडे चालू लागली. कुठूनसे वासरू हंबरले.

त्या पावसाळ्याआधी धनेशिणीने ढोलीचा चिखल फोडला. बाहेर येताना तिच्यामागे एक पिल्लू होते, आणि नराने त्याला लगेच हत्तीची गोष्ट सांगायला घेतली.

तेव्हापासून ओताऱ्यांच्या भट्टीपाशी एक रीत आहे. ‘शुभ’ म्हणण्याआधी श्रेष्ठी साऱ्यांकडे पाहून विचारतो, “कुणाला काही सांगायचे आहे?” आणि उत्तराची वाट पाहतो. कासे तेही ऐकते. म्हणून त्या राज्यातली घंटा वाजली की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला कुणी काही विचारते आहे. उंबरघाटला जसा आवाज मिळाला, तसा ज्याचे सांगायचे राहून गेले आहे त्यालाही मिळो.