भिकाची घागर

तापीकाठच्या काळखेड्यात उखाजी महाराज राहायचे. गावाबाहेर एक निंब, त्याखाली एक घोंगडी, एवढाच त्यांचा मठ. कुणी भाकरी दिली तर खायचे, नाही दिली तर हसायचे. त्या निंबाखाली रोज झाडलोट करायची ती ठगूबाई कुंभारीण.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा एकुलता लेक भिका मरीमायच्या बारागाड्या ओढताना गेला. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, वर माणसं बसवायची, आणि अंगभर हळद फासलेल्या गड्यानं त्या ओढायच्या. भर दुपारी. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता. भिका अर्ध्या वाटेत बरळायला लागला, पाय वाकडे पडायला लागले. गावाला वाटलं, माय अंगात आली. ढोल वाढवले. ढोल थांबले तोवर सगळं संपलं होतं.

"भाग्याचा पोर, मायनं नेला," असं मरीमायचा भगत शेनफडू म्हणाला आणि गावानं मान डोलावली. ठगूबाईनं पोराला मांडीवर घेतलं होतं. त्या अंगाची धग तिच्या हातातून वर्षभर गेली नाही.

वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला घागर भरायची असते. तेच पाणी त्याला वर मिळतं. यंदा विहिरी आटलेल्या. ठगूबाई पहाटेच नदीच्या झिऱ्यावर गेली, वाळूतून वाटीवाटीनं पाणी उपसलं, भिकाची घागर भरली आणि निंबाखाली आणून ठेवली. मग शेनफडूच्या दारात गेली. यंदा गाड्या त्याचाच पोरगा गोरख ओढणार होता.

"भगत, पोराला पाणी पाजा. उन्हं कलू द्या."

शेनफडू चारचौघांकडं बघून हसला. "एक पोर मायला दिलं, आता मायचा मान बुडवायला निघाली. कुंभारणी, तू तुझी मडकी सांभाळ. आणि तुझ्या निंबाखालच्या बाबाला विचार, बारा राहू दे, एखादी गाडी तरी हलवशील का?"

सगळे हसले. ती परत आली.

"महाराज, माझं कुणी ऐकत नाही."

"माझंही नाही ऐकत, ठगू," महाराज म्हणाले. त्या दिवशी ते हसले नाहीत.

दुपारी गाड्या निघाल्या. निंबाजवळ येईतो गोरख झोकांड्या खायला लागला. बाप पुढं आला तर त्याला "मामा" म्हणाला, आणि कोसळला. ढोल चढले. शेनफडूनं हात जोडले. "आली, माय आली."

ठगूबाई गर्दी फाडून आत शिरली, पोराच्या छातीवर हात ठेवला. तापला तवा.

"भगत, घाम बघा. एवढ्या गाड्या ओढून अंगावर घाम नाही. माझा भिका असाच झाला होता."

शेनफडूनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. त्याचं तोंड पांढरं पडलं. "पाणी," तो म्हणाला. "अरे, पाणी आणा कुणीतरी." पण पाणी होतं कुठं? झिरा कोसभर लांब.

महाराज उठून आले होते. "ढोल बंद करा. सावलीत घ्या त्याला. कपडे काढा, अंग भिजवा, वारा घाला. तोंडात पाणी घालू नका. शुद्ध नाही, नरड्यात अडकेल."

"भिजवायचं कशानं, महाराज?"

महाराजांनी घागरीकडं बघितलं. "ठगू," एवढंच म्हणाले.

"ती भिकाची आहे."

"हो."

"मग त्यानं वर काय प्यायचं?"

ठगूबाईच्या मनात आलं, जाऊ दे. शेनफडूलाही कळू दे. मग तिची नजर गोरखच्या पायांवर गेली. तसेच वाकडे पडलेले, भिकाचे पडले होते तसे. तिनं घागर उचलली.

मानेवर ओतलं, काखेत ओतलं, जांघेत ओतलं. बायकांनी पदरानं वारा घातला. हळद वाहून गेली. एवढीशी घागर, पण ती ओततच राहिली. जमिनीचा चिखल झाला, पहिल्या गाडीची चाकं रुतली, तरी धार तुटली नाही. गोरखचं अंग निवलं, त्यानं डोळे उघडले.

"आबा, तहान लागली."

"आता द्या," महाराज म्हणाले. "चिमूटभर मीठ टाकून, घोट घोट."

ठगूबाईनं घागरीत डोकावलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. तिला हुंदका आवरेना.

"महाराज, गेल्या साली का नाही हो असं झालं?"

महाराज तिथंच चिखलात बसले आणि तिच्याबरोबर रडले.

शेनफडू धावत आला, महाराजांच्या पायावर पडायला. महाराजांनी पाय मागं घेतले. त्याचं कपाळ ठगूबाईच्या पायावर टेकलं. ते त्याला कळलं, तरी त्यानं उचललं नाही.

"ठगूमाय, चुकलो."

ती ऊठ म्हणाली नाही. "पुढच्या आखाजीपासून गाड्या उन्हं कलल्यावर निघतील," ती म्हणाली. "ओढणारा पाणी पिऊन ओढेल. वाटेवर माठ मी ठेवीन."

"हो, माय."

तिनं घागर डोक्यावर घेतली. भिकाच्या नावानं ती पुजायची राहिली होती. ती निघून गेली, तरी तिचे पाय उमटले होते त्या चिखलात शेनफडूचं कपाळ टेकलेलंच होतं.