लाल चाकाला ओरखडा नको

साताऱ्याच्या सायकल क्लबात आजवर कौतुक व्हायचं ते वृंदाच्या सायकलचं. मग अध्यक्ष दौलतराव इंगवल्यांनी लालभडक चाकांची फिक्स्ड गिअर सायकल आणली आणि वृंदाकडे कुणी ढुंकूनही बघेना. तिचा नुसता जळफळाट झाला.

त्या सायकलला ब्रेकच नव्हता. पायांनी पेडल रोखायचं, की मागचं चाक थांबायचं. पण रविवारी घाट उतरायचा होता आणि ब्रेक नसलेल्या सायकलला घाटात बंदी होती.

"पुढच्या चाकाला ब्रेक बसवा," दौलतराव गरजले, "पण माझ्या लाल रंगावर ओरखडा उठता कामा नये! जमवेल त्याने घाटात सगळ्यांच्या पुढे राहावं."

रंग तर रिमच्या कडांवरही होता. ब्रेकची रबरं नेमकी तिथेच घासणार, मग रंग टिकणार कसा? सगळ्यांनी हात टेकले.

वृंदा घरी गेली आणि आपलं जुनं, बिनरंगाचं चाक घेऊन आली. लाल चाक काढून तिने ते बसवलं आणि त्याला ब्रेक लावला.

"अगं, माझं चाक?" दौलतराव ओरडले.

"हे घ्या, काका. ओरखडा शोधून दाखवा."

"पण सायकलची सगळी शोभा गेली की!"

"शोभा दिवाणखान्यात टांगा. पाहुण्यांना सांगा, या चाकाने आजवर कुणाला दरीत पाडलेलं नाही."

रविवारी वृंदा सगळ्यांच्या पुढे होती. मागे मात्र प्रत्येक वळणावर कुणीतरी दौलतरावांना विचारत होतं, "पुढचं चाक कुणाचं हो?" आणि ते दात-ओठ खात सांगत होते, "वृंदाचं."