सोनाजीच्या नावाची सात हजार पत्रे

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आत्याने सांगितली तेव्हाच माझ्याकडून तसे वचन घेतले होते. कारण विचारले तर म्हणाली, हिचा शेवट ऐकला की मुले जेवत नाहीत. मी त्या दिवशी जेवले होते, पण आमटीत मीठ होते की नव्हते ते आठवत नाही. तरी सांगते.

एका राज्यात सोनाजी नावाचा सारंगीवादक होता. राज्याला सात वेशी होत्या आणि सातही वेशींपर्यंत त्याची सारंगी ऐकू येते, असे लोक सांगत. ते खोटे होते. तिसऱ्या वेशीपर्यंतच येत असे. पण पुढच्या चार वेशींबाहेरचे लोक ती ऐकायला पायी चालत येत, हे मात्र खरे.

सोनाजी वाजवायला बसला की खिडकीत एक तांबट येई आणि टुक टुक करून ठेका धरी. तो पक्षी माणसासारखा बोलत असे, याचे कुणाला नवल नव्हते. सोनाजीची लय घसरली की तो ते सर्वांसमक्ष सांगे, याचे थोडे होते.

एका आश्विनात सोनाजी तापाने पडला आणि नवव्या दिवशी गेला. मागे राहिली बायको सगुणा आणि मुलगी गिरजा. गिरजा चौदा वर्षांची होती. सारंगी तिला अर्धी येत होती.

त्या राज्याची एक रीत होती. कुणी गेले की ज्याचा ज्याचा त्याच्यावर जीव असेल, त्याने भूर्जपत्रावर त्याला पत्र लिहायचे. घरातल्या सर्वांत धाकट्याने मात्र लिहायचे नाही. त्याने तेराव्या दिवशी नदीकाठी बसून सगळी पत्रे मोठ्याने वाचायची आणि एकेक पाण्यात सोडायचे. पत्र पाण्यात गेले की लिहिणाऱ्याचे दुःख हळूहळू उतरे आणि आठवण तेवढी राही.

साध्या माणसाला पाच-पंचवीस पत्रे येत. सोनाजीला सात हजार आली. घाटाच्या पायऱ्या पत्रांनी झाकून गेल्या. गिरजा पहिले पत्र उचलणार, एवढ्यात राजा विजयकेतू पालखीतून उतरला. त्याचे डोळे सुजलेले होते. तो म्हणाला, असल्या वादकाची पत्रे माशांना घालायची नाहीत. यांच्यासाठी मी संगमरवरी महाल बांधीन, लोक येतील, वाचतील, रडतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगुणेने डोलावली. गिरजेनेही डोलावली.

महाल उभा राहिला. लोक रोज येऊन आपले पत्र पुन्हा वाचत, शेजाऱ्याचे वाचत, आणि पहिल्या दिवसाइतकेच रडत घरी जात. कुणाचेही दुःख उतरले नाही.

मग राज्यातला सूर गेला. आधी तारा मुक्या झाल्या. सारंगीवर गज ओढला तर दोरी घासल्यासारखा आवाज येई. नंतर देवळातल्या घंटा मुक्या झाल्या, मग बायकांच्या ओव्या. बोलणे तेवढे राहिले. शेवटी नवी जन्मणारी बाळे रडेनाशी झाली, कारण बाळाचे रडणे हाही सूरच असतो. बाळ तोंड उघडी, लाल होई, आणि पाठमोऱ्या आईला काही कळत नसे. अशी दोन बाळे गेली.

दुसऱ्या बाळाला पोचवून आल्यावर गिरजा भिंतीवरच्या सारंगीखाली बसून राहिली. तांबट खिडकीत आला. ठेका धरायला काहीच नसल्यामुळे तो फार वाळला होता.

तो म्हणाला, "बसून काय होणार? नदीपलीकडे मांत्रिक आहे. त्याला विचार."

"त्याने शाप दिला?"

"त्याला कशाला नावं ठेवतेस? मान तर तूही डोलावली होतीस. मी बघत होतो."

गिरजा उठली आणि नदी ओलांडून गेली. मांत्रिक म्हातारा होता आणि पाण्यावर चटई टाकून बसला होता. चटई भिजत नव्हती. त्याने तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग म्हणाला, नदीच्या वाट्याचे तुमच्या राजाने अडवून धरले, म्हणून नदीने तुमचा सूर अडवून धरला. सोडवायचा असेल तर तीन कामे करावी लागतील. महालाची किल्ली राजाच्या हातून मिळवायची, बळाने नाही, चोरून नाही. सगळी पत्रे मोठ्याने वाचायची, एक अक्षर गाळायचे नाही. आणि सगळी आपल्या हाताने पाण्यात सोडायची. एक जरी उरले तरी सूर येणार नाही.

पहिल्या कामाला गिरजा राजवाड्यात गेली. वाटेत तांबट बडबडत होता. या राजाला सारंगीतले काय कळते, मैफल सुरू झाली की हा लोडाला टेकून घोरायचा, त्याच्या घोरण्याने माझा ठेका चुकायचा, असे बरेच.

किल्ली राजाच्या गळ्यात होती. तो म्हणाला, "पत्रं पाण्यात गेली तर सोनाजी दुसऱ्यांदा मरेल."

"महाराज, त्यांना एकदा तरी जाऊ द्या."

राजाने किल्ली मुठीत धरली. तेव्हा गिरजेने त्याला एवढेच विचारले, की आपण माझ्याबरोबर कुंभारवाड्यापर्यंत याल का. तिथे एका घरात पाळणा होता. राजा पाळण्याजवळ उभा राहिला. आत बाळ तोंड उघडून, मुठी आवळून रडत होते, आणि त्याची आई दोन हातांच्या अंतरावर चूल फुंकत होती. तिला पत्ताच नव्हता. राजाने बराच वेळ पाहिले. मग गळ्यातून किल्ली काढून गिरजेच्या तळहातावर ठेवली आणि मान वळवली.

दुसरे काम चाळीस दिवस चालले. पत्रे घाटावर आणली आणि गिरजा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वाचत राहिली. लोक पायऱ्यांवर बसून ऐकत. एका गवळ्याने लिहिले होते, 'सोनाजी, माझी बायको गेली तेव्हा तू काही बोलला नाहीस. आमच्या गोठ्यात बसून वाजवलेस. गाईंनी दूध दिले, म्हणून मी दुसऱ्या दिवशी उठलो.' एका चोराने लिहिले होते, 'तुमची सारंगी चोरायला आलो होतो. तुम्ही ती वाजवत होता, म्हणून थांबलो. तुम्ही काही थांबला नाहीत. उजाडले.' एका बहिऱ्या बाईने लिहिले होते, 'मी तुम्हाला कधी ऐकले नाही. तुम्ही वाजवत असताना तुमच्या भिंतीला बाहेरून हात लावून उभी राहत असे.' राजाचेही पत्र होते. 'तुझ्या मैफलीत मी झोपत असे. मला दुसरीकडे कुठे झोप येत नव्हती.' ते ऐकून तांबट दिवसभर कुणाशी बोलला नाही.

गिरजेचा घसा बसला, पण तिने एक अक्षर गाळले नाही. तिला वाटे, हे चाळीस दिवस संपूच नयेत. इतक्या माणसांच्या तोंडून तिचे बाबा तिला पहिल्यांदाच भेटत होते. आईचे पत्र मात्र हाताला लागले की ती ते ढिगाच्या तळाशी सरकवी.

एकेचाळिसाव्या दिवशी, आईचे तेवढे पत्र न वाचता ठेवून, तिसरे काम सुरू झाले. गिरजेने गवळ्याचे पत्र पाण्यात सोडले. गवळी पायरीवर डोळे पुसत बसला होता. पुसता पुसता थांबला. इकडेतिकडे पाहिले, ओला हात धोतराला पुसला आणि शेजारच्याला म्हणाला, मी इथे कशाला बसलोय, गाई खोळंबल्या असतील. आणि निघून गेला.

चोराचे पत्र सोडले. चोर उठून गेला. बहिऱ्या बाईचे सोडले. तीही गेली.

गिरजा पलीकडे धावली आणि मांत्रिकाला म्हणाली, "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू सूर कसा येईल ते विचारलंस. काय जाईल ते विचारलं नाहीस."

"रीतीने तर फक्त दुःख जातं."

"तेराव्या दिवशी सोडलं असतं तर तेवढंच गेलं असतं. तुम्ही ते ठेवलंत, रोज पाणी घातलंत. आता मुळासकट निघेल."

"मीसुद्धा विसरेन?"

"तू लिहिलंच नाहीस. तुझं काही निघायचं नाही." हे त्याने हळू सांगितले. गिरजेला ते बरे वाटले नाही.

ती परत आली आणि सोडत राहिली. दुसरे काय करणार होती? घाट रिकामा होत गेला. राजा आपल्या पत्राची वेळ येईपर्यंत पायरीवर बसून होता. ते पाण्यात गेल्यावर त्याने सेवकांना विचारले, हा संगमरवरी महाल कुणी बांधला आणि आत काय आहे. आत काहीच नाही, असे कळल्यावर म्हणाला, मग धान्य भरा. पालखीत बसला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच पत्र उरले, न वाचलेले. घाटावर सगुणा आली आणि लेकीशेजारी बसली.

"उरलंय ते माझंच ना?"

"हो."

"मग वाच."

"आई, हे सोडलं की तू त्यांना ओळखायची नाहीस."

"मला दिसत नाही का? सगळं गाव उठून गेलं माझ्यासमोर. शेजारच्या जनाक्काच्या सुनेला काल मुलगी झाली. मी तिथूनच आले. ती पोर रडतेय आणि घरात सगळे गप्पा मारतायत."

"मग मी एकटीच उरेन."

तांबट शेजारच्या उंबरावर होता. त्याने मान पंखात घातली. सगुणेने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. तिला खोटे बोलता येत नव्हते.

"हो," ती म्हणाली. "एकटीच उरशील."

गिरजेने वाचले. 'अहो, शेवटच्या दिवसांत तुमच्या बोटांना तेल लावायचे राहून गेले. तारा घासून नखांपाशी भेगा पडल्या होत्या. अजून संध्याकाळी तेलाची वाटी कोमट करते आणि मग ती घेऊन घरभर हिंडते.' एवढेच होते. तिने ते दोनदा वाचले. मग सोडले.

भूर्जपत्र थोडे तरंगले, फिरले आणि बुडाले. त्याच क्षणी देवळातली घंटा वाजली. वाऱ्याने वाजली असेल. मग एका घरातून बाळ रडले, मग दुसऱ्या, मग कुंभारवाड्यातून, आणि बायका हातातले टाकून आत धावल्या. सातही वेशींवर नगारे झडले. शाप संपला. राज्य होते तसे झाले. सोनाजी त्यात कुठे नव्हता.

मायलेकी घरी चालत आल्या. सगुणेने परातीत कणीक घेतली. मग कपाळावरून पालथा हात फिरवला आणि सहज विचारले, "माझं कुंकू कधी पुसलं गेलं गं?"

गिरजा म्हणाली, घाटावर पाण्याने गेले असेल.

सगुणेची नजर भिंतीवर गेली. एवढी जुनी सारंगी आपल्या घरात कुणी आणून ठेवली, तिने विचारले. गिरजेने सारंगी खाली काढली, मांडी घातली आणि गज ओढला. सूर लागला. खिडकीत टुक टुक सुरू झाले. तिला येत होते तेवढे अर्धे तिने वाजवले, आणि अर्ध्यावर थांबली, कारण पुढचे तिला कुणी शिकवले नव्हते.

सगुणा पिठाचे हात तसेच ठेवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच तशी दिसत होती.

"गोड वाजवतेस गं," ती म्हणाली. "कुणी शिकवलं तुला?"

गिरजेने गज मांडीवर ठेवला. तांबट थांबला. खरे सांगितले असते तर आईने नवलाने ऐकले असते आणि पोळ्या लाटल्या असत्या. खोटे सांगितले असते तर राज्यात ते नाव पुन्हा कुणाच्याच तोंडी आले नसते. गिरजेने आईकडे पाहिले, आणि ती म्हणाली, आई, मला ज्यांनी शिकवलं ते

थांबा, आत्याची हाक आली. आले, आत्या, आले.